कोपराखाली चार बोटं

“स्टूल दोनच का?”

एवढाच प्रश्न. डेअर म्हणून वैजयंतीनं दिलेला आणि स्रवंतीनं वर शिक्का मारलेला, की संध्याकाळी आठच्या आत आईला विचारायचं आणि आई काय म्हणाली ते व्हॉइस नोटनं ग्रुपवर टाकायचं. नववी संपून दहावीची सुट्टीतली बॅच सुरू झाली होती, आणि बॅच सुटली की आम्ही तिघी आमच्याच घरी यायचो, कारण भवानी पेठेत क्लासपासून सगळ्यात जवळ आमचं घर. डोकं तापलेलं, ओढणी तोंडाला गुंडाळलेली, चपलेला डांबर. वैजयंती फ्रिजमधली बाटली तोंडाला लावत होती, तेव्हा तिला फ्रिजच्या दारावर चिकटवलेला कागद दिसला. तिला कागद दिसला की ती वाचतेच, मग तो भेळेचा पुडा असला तरी. हा कागद होता जोतिराममामा सुतारांचा. आमच्या नव्या स्वयंपाकघराचा. टेबल एक, कपाट एक, भांड्यांची उभी मांडणी एक, स्टूल दोन.

“तुम्ही तिघं ना गं घरात? मग पप्पा काय उभ्यानं जेवणार?”

“पप्पांना हौदाच्या कठड्यावर बसवतील की,” स्रवंती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. मीही हसले. मला तेव्हा कशाचंही हसू यायचं. जानेवारीत वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझ्यात काहीतरी झालं होतं. त्याआधी मी वर्गात उत्तर येत असलं तरी बाकाखाली बघायचे. आणि त्या दिवशी माइकसमोर माझा आवाज माझ्याआधी हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला, तिथली डोकी वर झाली, आणि मला कळलं की तोंड उघडलं तर माणसं वळतात. तेव्हापासून मी सगळं विचारत सुटले होते. रिक्षावाल्याला, मुख्याध्यापकांना, मठातल्या स्वामींनासुद्धा. मला एका स्टुलाचा प्रश्न काय अवघड? “आठ कशाला, सातलाच टाकते,” मी म्हणाले.

त्या दोघी गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई नेहमी म्हणायची तसं, आमचं स्वयंपाकघर म्हणजे ओटा. बाकी सगळं त्याच्या कडेनं. काळा कडप्पा, दोन्ही भिंतींत रुतवलेला, खाली दगडी पाये, आणि उंची माझ्या अव्वाची. अव्वा म्हणजे पप्पांची आई, चन्नम्मा. ती इतकी बुटकी होती की मी चौथीत असताना तिच्या खांद्याला लागले होते. घर बांधताना आजोबांनी तिला उभं करून ओटा घातला, आणि मग त्या ओट्याशी माझी आई आली, जी पप्पांपेक्षा दोन बोटं उंच आहे आणि लग्नाच्या फोटोत सपाट चपला घालून, मान थोडी खाली घालून उभी आहे. सगळ्यांना वाटतं ती लाजलीय. आई अठरा वर्षं त्या ओट्यावर वाकून भाकरी थापतेय. भाकरी थापून झाली की ती एक हात कमरेवर ठेवते, एक कडप्प्यावर, आणि सरळ होताना तिच्या नाकातून एक आवाज येतो, ‘हं’ असा, अगदी बारीक. लहानपणी मला वाटायचं तो भाकरी झाल्याचा आवाज आहे. मी भातुकलीत पण तो करायचे. छोटी काटवट, खोटं पीठ, थाप थाप थाप, आणि मग कमरेवर हात आणि हं. तेव्हा बायका कौतुकानं हसायच्या. आई मात्र माझ्याकडे बघून हसली नव्हती, ते मला आठवतंय, पण तिनं काय केलं होतं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

ओटा चार इंच वर घ्या, हे ती अव्वा असतानाही म्हणाली होती आणि अव्वा गेल्यावरही. पप्पा म्हणायचे, “नोडोण.” आमच्या घरी मराठीत चाललेलं बोलणं मध्येच कानडीत शिरतं, आणि पप्पांचं नोडोण म्हणजे बघू, आणि बघू म्हणजे नाही. पप्पांचं टॉवेल-नॅपकिनचं दुकान आहे. दुकानात ते गिऱ्हाइकाशी तासभर बोलू शकतात, सुताबद्दल, रंग जाईल का याबद्दल. घरी आले की शब्द दुकानात ठेवून आल्यासारखे. सकाळी चहाचा कप घेऊन ते ओट्याशी उभे राहतात. अव्वाच्या काटवटीनं घासून कडप्प्यावर एक फिकट गोल पडला आहे, त्यावर पंजा ठेवून. एकदा आईनं तेव्हाच नेमका चार इंचाचा विषय काढला, तर ते हळूच म्हणाले होते, “अव्वाचा हात आहे गं त्याला.” आई पंजा उचलेपर्यंत थांबली आणि मग त्या गोलावर काटवट ठेवली.

आणि या वर्षी मार्चमध्ये पप्पा स्वतःहून पुस्तक घेऊन आले. मॉड्युलर किचनचं, गुळगुळीत कागदाचं, त्यात एकाही स्वयंपाकघरात माणूस नव्हतं. “आता करून टाकू,” म्हणाले. मी तर नाचलेच. ट्रॉल्या, हळू मिटणारे ड्रॉवर, लाल चकचकीत दारं! आईनं ते पुस्तक उत्तरपत्रिका तपासतात तसं पानापानानं उलटलं, ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि मिटून पप्पांकडे दिलं. “भिंतीला काही नको. ओटाच नको. सगळं सुटं पाहिजे. आपल्या पायांवर उभं राहणारं.” पप्पा इतके खूश झाले की त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही. अठरा वर्षांत आईनं घरात एवढं लांब वाक्य हक्कानं म्हटलं नसेल. मीच रुसले. मैत्रिणींना काय सांगू, आमच्याकडं टेबल-खुर्ची मांडणार म्हणून?

मग जोतिराममामा माप घ्यायला आले. टेंभुर्णीकडचे, कानाला पेन्सिल, टेप असूनही आधी हातानंच मोजणारे. त्यांनी आईला भिंतीला पाठ लावून उभं केलं. “सरळ हुबं ऱ्हावा की बाई. अजून. आता कोपर दुमडा.” आईनं कोपर दुमडलं. मामांनी कोपराच्या खाली, अंगाला हात न लावता, हवेत आपली चार बोटं आडवी धरली आणि जिथं बोटं संपली तिथं भिंतीवर रेघ ओढली. “कोपराखाली चार बोटं. हितं पीठ आलं म्हंजी पाठ वाकत न्हाय. लई सोपं गणित हाय, पन घर बांधताना बाईला कोन बोलवतंय?” मी हसले. आई हसली नाही. ती त्या रेघेकडे बघत होती, आणि तिचं कोपर मामा टेप गुंडाळून बाहेर गेले तरी दुमडलेलंच होतं. मला काहीतरी विचित्र वाटलं, दुसऱ्याची डायरी उघडी दिसल्यासारखं, आणि मी मोबाइल बघायला लागले. जाताना मामा मला दारात म्हणाले, “टेबलाचं पाय नटबोल्टावर करतो. बाई म्हनल्या, उगडून टेंपोत बसलं पायजे.” मी म्हटलं, बरं. मला तेव्हा वाटलं, सुतारकामात असंच असतं.

हे सगळं त्या संध्याकाळी दारात उभी असताना मला एकदम आठवलं असं नाही. मी फक्त विचारलं, “आई, स्टूल दोनच का?”

तव्यावर भाकरी होती. आईचा पाण्याचा हात भाकरीवर फिरायचा तो तसाच वर राहिला. “तुझे पप्पा कुठं बसतात स्टुलावर? त्यांना खालीच मांडी घालून लागतं.” आणि हे खरं होतं. पप्पा सुताच्या चटईवर बसतात, टीव्हीकडे तोंड, ताटाखाली पाट. डेअर पूर्ण. मी मोबाइल काढलासुद्धा. पण वक्तृत्वानंतर मी वादविवादातही भाग घ्यायला लागले होते, आणि वादविवादात सर शिकवतात की समोरच्यानं पटकन उत्तर दिलं तर लगेच दुसरा प्रश्न टाकायचा. तेवढ्याच मजेत मी म्हणाले, “मग टेबलाला नटबोल्ट कशाला? टेंपोत कुठं चाललंय आपलं टेबल?”

पाणी न लागलेली भाकरी तव्यावर तडकली. आईनं गॅस बंद केला. पप्पा यायला अजून तासभर होता, तरी तिनं दाराकडे बघितलं. “माझी बदली झालीय,” ती म्हणाली. “मंगळवेढ्याच्या पुढं.”

“कुणी केली? आपण अर्ज करू ना, आई. मी लिहून देते. तुझी पाठ...”

“अर्ज मीच केला होता. विनंती बदली आहे.”

विनंती. शाळेतल्या अर्जात आपण ‘नम्र विनंती’ लिहितो तो शब्द. आईनं नम्र विनंती केली होती, आमच्यापासून पंचावन्न किलोमीटर लांब जाण्याची. मी म्हणाले अप-डाउन कर, सगळेच करतात, पहाटेची एसटी आहे. ती म्हणाली, खोली बघितलीय. दोन खोल्या. समोर ज्वारीचं रान. मी विचारलं, पप्पांनी काय केलं तुला? हा प्रश्न मी जरा मोठ्यानं विचारला, आणि तिनं मला हळू म्हणून खूण केली, रिकाम्या घरात. “काही नाही केलं गं. ते माणूस चांगलं आहे.” मग ती ओट्याकडे वळली, परत वळली. “मही, मी दिवसात किती वेळ सरळ उभी असते सांगू? शाळेत, फळ्यापुढं. तेवढंच. इथं आले की वाकते. ओट्यापाशी वाकते, मग टीव्हीपुढं ताट ठेवायला वाकते, मग बोलताना पण वाकूनच बोलते, सवयच लागली. मला भांडण नको. मला सरळ उभं राहून भाकरी करायचीय. आपल्या दोघींची.”

दोन स्टूल.

“दहावी तिकडं कर. तू हुशार आहेस, कुठंही करशील. पप्पांना मी सांगणार आहे. सामान येऊ दे, मग. लोकांना काय, बदली. बदलीला कुणी काही म्हणत नाही.” आणि तिनं गॅस परत लावला, करपलेली भाकरी बाजूला काढली, नवा गोळा घेतला आणि वाकली. मी माझ्या खोलीत येऊन पावणेसातला व्हॉइस नोट टाकली, पप्पांना मांडी घालूनच बसायला लागतं म्हणून. वैजयंतीचं उत्तर आलं, “श्या! एवढंच? आम्हाला वाटलं काय तरी मसाला निघेल.” आणि खाली स्रवंतीचे हसून लोळणारे पाच चेहरे. मी माझाच आवाज परत लावून ऐकला. छान स्पष्ट होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मी तो पुसून टाकला.

पुढचे आठ-दहा दिवस मी घरातल्या वस्तू बघत फिरले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत पंखा गरम हवा फिरवतोय, आणि मी पाण्याच्या पिंपाला पाठ लावून फरशीवर बसलेली, कारण पाणी चार दिवसांनी येतं आणि आलेल्या दिवशी पिंप गार असतं. वस्तूंचे मी दोन भाग केले होते. काही भिंतीत असतात, जमिनीत असतात. नळ, पंखा, देव्हारा, ओटा, पप्पा. काही पायांवर उभ्या असतात. पिंप, फ्रिज, पाट, आई. मग मी स्वतःला कुठं ठेवायचं ते कळायचं नाही आणि मी उठून पाणी प्यायचे. मला जायचं होतं, हे मी आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगीच थोरपणाचं वाटेल. मला फार जायचं होतं. मी ती खोली पूर्ण सजवली होती मनात. खिडकीतून रान, थंडीत हुरडा, आई टेबलाशी ताठ उभी, तिची वेणी पाठीवर सरळ लोंबतेय, ती भाकरी थापता थापता मला भूमिती विचारतेय, आणि मी स्टुलावर बसून पाय हलवतेय. त्या खोलीत ती हसत होती. मला तिचं हसणं नीट ऐकू यायचं आणि मग एकदम लक्षात यायचं की हे हसणं मी कुठून आणलं, घरात तर ऐकलेलं नाही. त्याच वेळी पप्पा यायचे, हातपाय धुऊन मांडी घालायचे. “मही, शेंगाची चटणी आण गं.” मी द्यायचे. “क्लास कसा आहे?” “चांगलाय.” “हं.” टीव्हीच्या उजेडात त्यांच्या डोक्यावरची विरळ जागा दिसायची. मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं, आणि ते भाकरी मोडत होते. कधी कधी वाटायचं, त्यांच्या पाठीवर हात ठेवावा आणि सांगून टाकावं. पण काय सांगणार? तुम्ही काही केलं नाहीत, हे?

त्या दिवसांत मैत्रिणी म्हणायला लागल्या, हिला काय झालं, बंद पडली. “चार्जिंग संपलं वाटतं,” स्रवंती म्हणाली. वैजयंतीनं मात्र एकदा सायकल ढकलता ढकलता विचारलं, “घरी काही आहे का गं?” मी नाही म्हणाले. तिनं परत विचारलं नाही. तिच्या घरीही काही असेल का, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता, एवढं बोलणारी असून, हे मला घरी आल्यावर सुचलं.

मग आई दोन दिवस मंगळवेढ्याला गेली. पप्पांना तिनं प्रशिक्षण सांगितलं. मला माहीत होतं, शाळा बघायला आणि खोलीचं नक्की करायला. ती सकाळच्या एसटीनं गेली आणि नऊ वाजता पप्पा मला म्हणाले, “मही, आज क्लासला जाऊ नको. गंमत आहे.” पप्पांच्या तोंडून गंमत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दहाला गवंडी आला, दोन माणसं घेऊन, आणि मागून जोतिराममामा टेंपोतून टेबल, कपाट सगळं घेऊन. “तुझी आई येईपर्यंत सगळं तयार पाहिजे,” पप्पा म्हणाले. मग त्यांनी ओट्यावरच्या त्या गोलावर पंजा ठेवला, उचलला, आणि गवंड्याला “करा” म्हणून मोरीच्या बाहेर जाऊन उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. पहिला घाव बसला तेव्हा त्यांचे खांदे हलले. प्रत्येक घावाला हलले. कडप्पा अखंड निघाला नाही, मधोमध गेला. त्याचे दोन तुकडे बाहेर बोळात टेकवून ठेवले. पप्पा जाऊन बघून आले. “जाऊ दे,” म्हणाले, आणि नाक शिंकरलं. “धूळ लई झाली.”

टेबल ठेवलं. सागवानाचं, वर दगड, पाय जाड, तेलाचा वास येणारं. रिकाम्या भिंतीशी ते एकटंच उभं राहिलं आणि मला आईची फार आठवण झाली. पण आमची फरशी शहाबादी, जुनी, कुठं चढ कुठं उतार, आणि पप्पांनी हात टेकल्यावर टेबल डुगडुगलं. मामा म्हणाले, पाचर घालतो. पप्पांनी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून भाकरी थापतात तसं केलं, थाप थाप थाप, एवढा मोठा माणूस, आणि टेबल प्रत्येक थापेला हललं. “नाही चालणार. हिसका बसतो पाठीला. फरशी फोडा, चारी पाय आत घ्या, सिमेंट भरा. कपाट पण भिंतीला पक्कं करा.”

“बाई तर म्हनल्या हुत्या, सुटंच पायजे,” मामांनी माझ्याकडे बघितलं. “नटबोल्ट त्याच्यापायीच हाय की.”

“तिला वाटलं असेल, मी भिंतीला हात लावू देणार नाही. म्हणून म्हणाली असेल.” पप्पा खाली बसून पायाभोवती खडूनं खूण करत होते. “भाकरी रोज करायची असते. टेबल हललं की पाठ गेली परत. अठरा वर्षं दुखतेय तिची पाठ.”

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण जे बाहेर आलं ते वेगळंच होतं. “तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“पाठ.”

“मग? डोळे नाहीत का मला?”

“मग बोलला का नाहीत कधी, पप्पा? ओटा का नाही उचलला?”

ते खडू हातात धरून उकिडवेच बसले होते. विचार करत होते, खरंच, हिशोब जुळत नसल्यासारखे. “आधी अव्वा होती म्हणून,” ते म्हणाले. आणि खडूची खूण पुरी करून, “मग अव्वा नव्हती म्हणून.” गवंड्यानं छिन्नी लावली. फरशीचा पहिला टवका उडून माझ्या पायाशी आला, आणि मी बोलले नाही. मला आता सगळं खरं सांगायचं झालं तर, मी मुद्दाम बोलले नाही. मला वाटलं, भरा. भरा सिमेंट. पाय पक्के होऊ देत, म्हणजे टेंपो येणार नाही, आणि पप्पांनी पाठ बघितली होती, तर मग आईला जायची गरजच काय? बारा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत मी हे मनात घोटत राहिले, आणि ते जितकं घोटलं तितकं गोड होत गेलं. संध्याकाळी मी स्वतः झाडून घेतलं. जाताना गवंडी म्हणाला, उद्यापासून पाणी मारा, तीन दिवसांत दगड होतंय.

दुसऱ्या दिवशी पाचला आई आली. रुमालानं गळा पुसत, खांद्याला ती नेहमीची कापडी पिशवी. पप्पा दुकान सोडून चारपासून घरी होते. नवा शर्ट घातला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. ओटा नव्हता. भिंतीवर तो होता तिथं कच्च्या सिमेंटचा पट्टा. पुढं तिचं टेबल.

“ये की आत,” पप्पा म्हणाले. “हात लावून बघ. ढकल. ढकलून बघ की!”

आईनं पंजे टेकले आणि ढकललं. टेबल हललं नाही. तिनं खाली बघितलं. चारी पाय फरशीत गेलेले, भोवती ओलसर करडे चौकोन, आणि मीच सकाळी मारलेलं पाणी अजून एका कडेला साचलेलं.

“जन्मात हलत नाही आता,” पप्पा म्हणाले.

मला वाटलं आई ओरडेल. मला वाटलं, निदान माझ्याकडे बघेल. तिनं पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली, हात धुतले, मांडणीवरून काटवट घेतली, पीठ घेतलं. कपडेही न बदलता. गरम पाण्यानं पीठ मळलं, गोळा केला, थापायला लागली, आणि मी माझ्या आईला पहिल्यांदा घरात तिच्या पूर्ण उंचीत बघितलं. ती मोठी होती. मान लांब होती तिची. पप्पा दाराच्या उंबऱ्याशी फरशीवरच बसले, मांडी घालून, वर बघत, आणि त्यांनी घसा साफ केला.

“पाठ... दुखते का आता?”

आईचे हात थांबले. ती भिंतीकडे वळली, आमच्याकडे पाठ करून, ती सरळ पाठ, आणि ती हलायला लागली, आवाज नाही, नुसती हलायला लागली. “नाही,” ती म्हणाली. “उंची बरोबर आलीय.” आणि मग मी बघितलं, तिनं पायानं ती कापडी पिशवी हळूच टेबलाखाली सरकवली, भिंतीपर्यंत. पिशवी कलंडली. तोंडातून एक किल्ली फरशीवर आली, लाल दोऱ्याची, नवी. आईनं ती पायानंच आत लोटली, जशी आपण सांडलेली ज्वारी लोटतो, कुणी बघू नये म्हणून.

झालं, मला वाटलं. राहिली. मी एवढंच मागत होते आणि ते मला मिळालं होतं, मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, जे आमच्या घरात सगळ्यांना येतं. भाकरी तव्यावर फुगली. पप्पा तिच्याकडे बघत होते, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारखे. एकदा विचारलं होतं त्यांनी. अठरा वर्षांत एकदा, आणि त्या एकदाच्या बदल्यात ती आता राहणार होती, किल्ली लोटून, उद्या बदली रद्दच्या अर्जात परत नम्र विनंती लिहून. ते वाईट नव्हते. ती सुखीही झाली असती कदाचित. मला माहीत नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की या दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याचं काही माहीत नव्हतं. पप्पांना वाटत होतं बायको परत आली. त्यांना ती गेलीच होती हे माहीत नव्हतं. आणि मी गेले तर सगळे म्हणतील, घर मोडलं, बाई पोरीला घेऊन गेली. मी राहिले तर म्हणतील, बदली झाली, पोरीची दहावी आहे ना, म्हणून पोरगी बापाकडं. नुसती बदली. बदलीला कुणी काही म्हणत नाही. ती खोली, ते रान, ते हसणं मला एकदा नीट दिसलं, अगदी खिडकीच्या गजांसकट, आणि मी डोळे मिटून ते जाऊ दिलं.  

“पप्पा,” मी म्हणाले. आवाज फाटका आला, शेवटच्या रांगेपर्यंत सोडा, माझ्याच ओठांवर अडला. मी परत म्हणाले. “पप्पा, आईची बदली झालीय. मंगळवेढ्याला. तिनं मागितली होती. ती तिकडं राहायला जाणार होती, हे टेबल घेऊन, मला घेऊन.”

“मही!” आई वळली. तिच्या हाताला पीठ होतं.

“आई, तू थांब. मला बोलू दे.” पप्पा वर बघत होते, आईकडे नाही, माझ्याकडे. मी खाली त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले, कारण उभं राहून मला ते म्हणता येईना. “मी ठरवलंय. मी नाही जाणार, आई. मी दहावी इथूनच करणार, पप्पांजवळ. तुला जायचं असेल तर तू जा. राहायचं असेल तर रहा, पण पप्पांनी टेबल पक्कं केलं म्हणून राहू नको. पप्पा, जोतिराममामांना मी आत्ता फोन लावते. सिमेंट अजून ओलं आहे, पाय निघतील. आणि उद्या सकाळची भाकरी मी करणार आहे, मला येत नाही, तरी.”